हुरडा पाहुण्याला फुकट, गिऱ्हाइकाला दामाने



चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून झाला की जळगाव-धुळ्याच्या शहरी माणसाला शेताची आठवण येते. वर्षभर कापसाला काय भाव निघाला याची ज्याला खबर नसते, तो नाताळच्या सुट्टीत पोराबाळांना गाडीत घालून वावराचा रस्ता धरतो. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. आगटीतून काढलेली कणसे चोळून गरम हुरडा खायचा. पोरांनी बैलगाडीत बसायचे, बोरे वेचायची आणि दिवस मावळताना घरी जायचे. याला आता भरीत पार्टी, हुरडा पार्टी म्हणतात.

आपल्यातले बरेच जण याला हसतात. शेतात काय पाहायला येतात, म्हणतात. माझे म्हणणे असे की यात हसण्यासारखे काही नाही, हिशेब करण्यासारखे पुष्कळ आहे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये जाहीर केला. म्हणजे किलोला साडेसदतीस रुपये, तोही मिळाला तर. तीच ज्वारी पिकून वाळण्याच्या तीन-चार आठवडे आधी, दाणा चिकातून बाहेर पडून मऊ असताना भाजली, की शहरी माणूस तिचे कितीतरी पट पैसे देतो. वर, कणीस गेले तरी ताटे राहतात. वैरण बुडत नाही.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. कापूस घेऊन आपण जिनिंगच्या दारात जातो तेव्हा आपण विचारतो, "काय भाव देता?" हुरड्याला आलेले गिऱ्हाईक आपल्या बांधावर उभे राहून विचारते, "काय भाव घेता?" खान्देशच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या जन्मात हा प्रश्न किती वेळा आला? आणि आला तेव्हा आपण काय उत्तर देतो? "द्या तुम्हाला काय वाटेल ते." इथेच आपले चुकते.

म्हातारी माणसे म्हणतात, हुरडा विकायचा नसतो, द्यायचा असतो. खरे आहे. सोयरे आले, शेजारी आले, गावातले बलुतेदार आले, त्यांना हुरडा घातला आणि पैशाचे नाव काढले नाही, ही आपली रीत आहे आणि ती मोडू नये. पण पाहुणा वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळे. ज्याला आपण बोलावले तो पाहुणा. फोन करून "वीस माणसे येतो, व्यवस्था करा" असे सांगतो ते गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला पाहुण्याचा मान जरूर द्या, हिशेब मात्र गिऱ्हाइकाचा ठेवा.

हिशेब कसा करायचा? बहुतेक जण ज्वारी, वांगी, तेल, गूळ एवढ्याचीच किंमत धरतात आणि उरलेला पैसा नफा समजतात. वीस माणसांच्या जेवणासाठी घरच्या दोन-तीन बाया पहाटेपासून चुलीपुढे असतात. आगटी पेटवणे, कणसे भाजणे, चोळणे याला दोन गडी लागतात. हे दिवस नेमके वेचणीचे. चुलीपुढे बसलेली बाई त्या दिवशी कापूस वेचत नाही आणि तिच्या जागी दुसरी मिळवायची तर किलोवर पैसे मोजावे लागतात. तेव्हा घरच्या बाईची मजुरी गावातल्या वेचणीच्या दराने पहिल्या ओळीत लिहा. मग राखण धरा. शिवारात ज्वारी कमी झाली आणि मका-कपाशी वाढली, त्यामुळे एकट्यादुकट्या तुकड्यावर सगळ्या शिवारातली पाखरे तुटून पडतात. गोफण घेऊन बसणारा माणूस फुकट नसतो. मग गोवऱ्या, पाणी, बैलजोडी. एवढे सगळे धरून जो आकडा येईल त्याच्यावर नफा लावा आणि तो दर पाटीवर लिहा. दर ऐकून कोणी परत गेला तर जाऊ द्या. तोट्याचा हुरडा खाऊ घालण्यापेक्षा ज्वारी पिकू द्यावी हे बरे.

आपण हिशेब केला नाही तर दुसरा करायला बसलेलाच आहे. हमरस्त्याच्या कडेला पाटी लागते, दारात एक रंगवलेली बैलगाडी उभी राहते, बाजारातून आणलेली कणसे भाजली जातात. मालकाच्या पायाला वावराची माती लागलेली नसते. इटलीत १९८५ साली कायदा झाला की शेतावरचा पाहुणचार हा धंदा शेती करणाऱ्यानेच करायचा, आणि त्यात शेती मुख्य व पाहुणचार पूरक राहिला पाहिजे. आपल्याकडे बारामती तालुक्यात पळशीवाडीला २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा प्रयोग उभा राहिला. महाराष्ट्र सरकारने कृषी पर्यटन धोरण आणले ते २०२० साली. त्याखाली एकटा शेतकरीही पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करू शकतो. कागद सरकारी आहे, फार आशा ठेवू नका. पण 'शेत' ही पाटी लावण्याचा पहिला हक्क शेत कसणाऱ्याचा आहे, हे आपण ठासून सांगितले पाहिजे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आसोद्याच्या, बामणोदच्या वांग्याचे नाव लांबवर गेले. त्या नावाची कमाई रस्त्यावरच्या धाब्याने खायची की वांगे पिकवणाऱ्याने?

ज्यांना करायचे आहे त्यांनी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हुरड्याची अवस्था थोडे दिवसच टिकते, म्हणून पेरणी एकदम न करता आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्यात करावी. दादरचा हुरडा आपल्याला आवडतो, पण दाणा सहज सुटायला गुळभेंडी, सुरती किंवा राहुरीच्या विद्यापीठाची फुले उत्तरा, फुले मधुर असे हुरड्याचे वाण बरे. हुरडा धुऊन खात नाहीत, म्हणून फवारणीच्या कपाशीला लागून तो तुकडा ठेवू नये. आणि आलेल्या बायाबापड्यांसाठी आडोसा व स्वच्छ पाणी हे बैलगाडीच्या आधी हवे.

आलेल्या लेकरांना खरे वावर दाखवा. झेंडूच्या माळा लावून नटवलेले नको. त्यांना कापसाची ओळ द्या, अर्धा तास वेचू द्या. बोटांना बोंडाची टोके लागली की कळेल. किती वेचला ते काट्यावर मोजून दाखवा आणि एवढ्या कापसाचे किती रुपये झाले ते सांगा. गुलाबी बोंडअळीने किडलेले बोंड फोडून दाखवा, २०१७ साली तिने काय केले ते सांगा. खाऊन-पिऊन, फोटो काढून गेलेला माणूस शेतकऱ्याला विसरतो. ज्याच्या पोराने अर्धा किलो कापूस वेचून त्याचे दाम पाहिले, त्याला पुढच्या वेळी कापसाच्या भावाची बातमी निदान वाचावीशी वाटेल.

आता एक इशारा. उद्या कोणी पुढारी सभेत सांगेल, कापसाला भाव मागत काय बसता, हुरडा पार्टी सुरू करा. त्याला विचारा, शहरापासून पन्नास कोसावरच्या गावात कोण हुरडा खायला येणार? हलक्या बरड रानात, जिथे परतीचा पाऊस चुकला की रब्बीची ओलच राहत नाही, तिथे आगटी कशाची पेटवायची? तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीतल्या, सडकेजवळच्या चार-दोन शेतकऱ्यांना हा महिना-दीड महिन्याचा धंदा आहे. बाकीच्यांचे पोट कापसावर आणि ज्वारीवरच आहे, आणि त्यांच्या भावाचा प्रश्न हुरड्याने सुटत नाही.

पण ज्यांना जमेल त्यांनी करावे, आणि दर सांगताना मान खाली घालू नये. बांधावर दर सांगायची सवय लागली, तर ती बाजारातही कामाला येईल.