‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथंच लग्न उरका’ म्हणणाऱ्यांना एकदा विचारा, विमानात तुम्ही बसणार आहात का?

अमेरिकेतलं सिटिझन स्थळ जमलं की आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो. “कशाला वर्ष-दीड वर्ष थांबता? टुरिस्ट व्हिसा आहेच ना पोरीकडे. जाऊ दे, तिथं कोर्टात सह्या करतील आणि ग्रीन कार्डाचा फॉर्म भरतील.” पासपोर्टचे फॉर्म भरणारा एजंट हे सांगतो, मामा सांगतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर न विचारता सांगतात.

यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच माणूस फसतो. टुरिस्ट व्हिसावर असताना अमेरिकेत लग्न करणं हा गुन्हा नाही. सिटिझनच्या नवरा-बायकोला वार्षिक कोटाही नाही. नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणारी आपली मुलं ज्या रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत, ती रांग इथे लागतच नाही. रीतसर व्हिसावर आत आलेल्याची मुदत मध्ये संपली असली, तरी तिथे राहून अर्ज करता येतो.

उरलेला अर्धा भाग एअरपोर्टवरच्या खिडकीत आहे. “कशासाठी आलात?” या प्रश्नाला “फिरायला” असं उत्तर दिलं आणि बॅगेत शालू, फोनमध्ये हॉल बुक केल्याचे मेसेज, तर ते सरकारी अधिकाऱ्याला खोटं सांगणं झालं. हा ठपका बसला की अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. माफीचा अर्ज असतो, पण तो मंजूर करून घेणं सोपं नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०१७ मध्ये ९० दिवसांचा नियम आणला. आत आल्यावर तेवढ्या दिवसांत लग्न करून तिथेच राहिलात, तर येतानाच मनात तसं होतं असं ते धरून चालतात. मग आपले हुशार लोक म्हणतात, ९१व्या दिवशी करा! अहो, प्रश्न तारखेचा नाही, येताना मनात काय होतं याचा आहे.

सरळ रस्ते दोन आहेत. एक, इथे लग्न करायचं, नोंदणी करायची, तिकडच्याने अर्ज भरायचा आणि मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत द्यायची. दुसरा फियान्से व्हिसा. त्यावर गेल्यानंतर ९० दिवसांत, ज्याने अर्ज केला त्याच्याशीच लग्न करावं लागतं. आणि अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. व्हिडिओ कॉलवरचा कांदेपोहे कार्यक्रम त्यात धरत नाहीत. दोन्हीला वेळ लागतो हे खरंय.

जे आधीच तिथे शिकतायत किंवा नोकरी करतायत त्यांची गोष्ट वेगळी, पण त्यातही खाचखळगे आहेत. एच-१बी वाल्याला ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असताना चालू व्हिसावर ये-जा करता येते. विद्यार्थी व्हिसावाला मात्र प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता बाहेर पडला, तर अर्ज सोडून दिला असं समजतात. इकडे आजी गेल्याचा फोन गेला की पोरगं पहिलं विमान पकडतं. त्याला कोणी आधी सांगितलेलं असतं का? ज्यांची मुदत संपून सहा महिने उलटलेत, त्यांना बाहेर पडल्यावर तीन वर्षांची बंदी, वर्ष उलटलं असेल तर दहा वर्षांची. आणि अर्ज टाकला म्हणजे अभय मिळालं असंही नाही, हे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट लिहून टाकलंय.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ग्रीन कार्ड मंजूर होताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड मिळतं ते दोन वर्षांचं, अटीवरचं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. या ‘दोघांनी मिळून’वर कितीतरी नवरे राज्य करतात. “सही करणार नाही, परत पाठवीन.” पोरगी रात्री फोनवर रडते आणि आपण इथून सांगतो, “सोस गं, दोन वर्षं. कार्ड हातात येऊ दे.”

मंडळी, कायदा असं सोसायला सांगत नाही. घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल, तर अट काढण्याचा अर्ज तिला एकटीला करता येतो. कार्ड अजून मिळालेलंच नसेल आणि नवरा मारहाण करत असेल, तरी १९९४ च्या कायद्याने ती स्वतःच्या नावावर अर्ज करू शकते. नवऱ्याची सही लागत नाही, आणि खातं त्याला कळवतही नाही. लग्न मात्र खरं असावं लागतं. कागदावरच्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

आपल्याकडे पत्रिकेतले गुण जुळवायला चार ठिकाणी जातो, पण मुलगा सिटिझन आहे की नुसता ग्रीन कार्डवाला, हे कागद बघून कोणी विचारत नाही. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. एनआरआय लग्नांची सक्तीची नोंदणी असावी, असं आपल्या विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुचवलंय.

तोवर एवढं करा. तिकीट काढायच्या आधी अमेरिकेतल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाशी तासभर बोला, आणि बोलताना मुलगीही समोर असू द्या. आपल्या चौकातल्या एजंटाला तिथला कायदेशीर सल्ला द्यायचा अधिकार नाही. वकिलाचा परवाना खरा आहे का, हे त्या राज्याच्या बार संघटनेच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं.