निरोप समारंभ झाला, पुढे काय?

बारावीच्या वर्गाचा निरोप समारंभ बहुधा जानेवारीत होतो. त्या दिवशी मुली आईची किंवा वहिनीची साडी नेसून येतात, मुले इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात. वर्गणीतून आलूपोहा आणि चहा होतो, सर-मॅडमना पेन भेट दिले जाते आणि शेवटी प्रत्येकाला उभे करून विचारले जाते, "पुढे कोण होणार?" व्यासपीठावरची उत्तरे ठरलेली असतात. कोणी कलेक्टर, कोणी डॉक्टर, कोणी फौजदार. टाळ्या पडतात. मग फेब्रुवारी-मार्चात परीक्षा होते, निकाल मे महिन्यात लागतो आणि मधल्या काळात तोच प्रश्न मुलांना पुन्हा कोणी विचारीत नाही.

आम्ही तो विचारला. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यात एकोडी हे गाव आहे. धानाच्या बांध्या, बोड्या आणि पलीकडे जंगल असा हा मुलूख. तिथल्या व आसपासच्या काही मुलामुलींशी आम्ही सुटीचे दोन रविवार बोलत बसलो. नावे मुद्दाम देत नाही. खेडे लहान असते. आज छापलेले नाव उद्या पारावर चघळले जाते.

हे रिकामे दिवस म्हणायला रिकामे. एकजण पहाटे आईबरोबर मोहफुले वेचून आला होता. दोघे तेंदूपत्त्याचा हंगाम केव्हा लागतो याची वाट पाहत होते, कारण त्या पैशांतून मोबाईलचा हप्ता फेडायचा होता. लग्नसराईत वाढपी म्हणून जाणारे होते. १४ एप्रिलच्या जयंतीची पताका, लायटिंग आणि भोजनदान यांची सगळी धावपळ याच वर्गाने केली होती आणि हिशेबाची वहीसुद्धा पूर्ण करून ठेवली होती. मुले कामाची नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ती वही एकदा पाहावी.

आता एकेकाची तऱ्हा ऐका.

पहिला पोरगा चालत कुठेच जात नाही. दुकानात साखर आणायलासुद्धा पळत जातो. पहाटे चारला उठतो, भिजवलेले चणे खातो आणि सडकेवर सोळाशे मीटर मोजून धावतो. उंची वाढावी म्हणून आंब्याच्या फांदीला लोंबकळतो. घरचे त्याला वानर म्हणतात. त्याला पोलीस व्हायचे आहे. पुरुष उमेदवाराला १६५ सेंटिमीटर उंची लागते, मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची, हे त्याला तोंडपाठ आहे. लेखीचे पुस्तक मात्र त्याने अजून घेतलेले नव्हते. आम्ही म्हटले, "बाबू, पायाला पन्नास आणि डोक्याला शंभर आहेत, हे ध्यानात घे." तो हसला. मागासवर्गीय उमेदवाराला वयाची सवलत धरून ३३ वर्षांपर्यंत भरती देता येते. सवलत चांगलीच आहे, पण तिच्या भरवशावर नुसती धावण्यात दहा वर्षे घालवलेले तरुणही आमच्या पाहण्यात आहेत. म्हणून धावता धावता पदवीही करावी. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ काम करणाऱ्यांसाठीच आहे.

दुसरी मुलगी औषधांच्या गोळ्यांची पाकिटे वाचते. आजीची रक्तदाबाची गोळी कोणती, शेजारच्या काकाजींची साखरेची कोणती, मुदत केव्हा संपते, सगळे तिच्या डोक्यात. आशाताईंबरोबर घरोघर फिरायला तिला आवडते. तिला नर्स व्हायचे आहे. बारावीनंतर जी.एन.एम. तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. दुसऱ्याला विज्ञान शाखा आणि प्रवेश परीक्षा लागते. ही सारी माहिती तिला होती. तिची अडचण वेगळी. जानेवारीत तिला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि तेव्हापासून घरी दोन पाहुणे येऊन गेले. ती म्हणाली, "काकाजी, माझा निकाल लागायच्या आधी माझा निकाल लावून राहिले."

तिसरा पोरगा गावचा आवाज. टेनिस बॉलच्या सामन्यात मायकवर तोच, जयंतीच्या मिरवणुकीत तोच. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की तो वर्गात दिसत नसे. झाडीपट्टीची नाटके पाहायला रात्रभर जागायचा आणि सकाळी बाकावर झोपायचा. सरांच्या आवाजात तो हजेरी घेतो, आणि सरही हसतात. नाटकात काम करीन म्हणतो, म्हणून बापाने बोलणे टाकले आहे. बापाला काळजी वाटणे रास्त आहे, कारण नाटकाचा हंगाम मोजक्या महिन्यांचा. पण वडसा येथून चालणाऱ्या या नाटकांवर अनेक घरे चालतात, आणि याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हेही खरे. नाटक सोड असे आम्ही म्हणणार नाही. बी.ए.ला नाव घाल आणि मग नाटक कर, एवढे म्हटले. बापाशी बोलायचेही कबूल केले.

चौथ्या मुलीने आम्हाला विशेष आनंद दिला, कारण आम्ही स्वतः बी.कॉम. ती बचत गटाचे रजिस्टर लिहिते. दुकानदाराने दिलेली चिठ्ठी ती उभ्या उभ्या पुन्हा बेरीज करून पाहते. दोनदा चूक काढली, तेव्हापासून दुकानदार तिच्यासमोर हळू लिहितो. तिला बी.कॉम. करून बँकेची परीक्षा द्यायची आहे. तिच्यापुढचा अडसर एस.टी.चा. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. बारावी संपली की तो पास संपतो. पुढे विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीटही आहे. पण "फुकट" आणि "थोडे पैसे" यांत मजुरी करणाऱ्या घराला मोठे अंतर वाटते. कितीतरी मुलींचे शिक्षण त्या अंतरात थांबते आणि लोक म्हणतात, तिला शिकायचेच नव्हते.

पाचवा पोरगा बारावीत जेमतेम निघेल असे स्वतःच सांगतो. मात्र गावात पाण्याचा पंप बंद पडला की त्याला हाक येते. घरातला पंखा त्याने तीनदा उघडला आणि दोनदा सुरू करून ठेवला. तिसऱ्या वेळेचे त्याची आई अजून ऐकवते. हा खरे तर दहावीनंतरच आय.टी.आय.ला जायचा, पण "बारावी तरी कर" असे घरच्यांनी म्हटले. अजून वेळ गेलेली नाही. वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि वीज कंपनीच्या तांत्रिक पदांना त्याचे प्रमाणपत्र लागते. कमी गुणांचा पोरगा म्हणजे कमी अकलेचा, हा समज आपल्या घरांतून जावा.

सहावा गप्प होता. सगळ्यांत हुशार हाच, असे बाकीच्यांनी सांगितले. पुढे काय, असे दोनदा विचारले तेव्हा म्हणाला, "काही नाही जी, पाहू." मग इतरांकडून कळले की बाप आजारी, सोसायटीचे कर्ज, आणि चुलतभावाबरोबर पुण्याकडे कंपनीत जायचे ठरले आहे. कोणी ठरवले? कोणीच नाही. बापाने जा म्हटले नाही, आईने थांब म्हटले नाही. बस ठरले. निरोप समारंभात हाच पोरगा "प्राध्यापक होणार" म्हणाला होता आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या होत्या.

बंधूभगिनींनो, आमचे म्हणणे या सहाव्या पोरापासून सुरू होते. आपल्या मुलांजवळ बेत नाहीत हे खोटे आहे. बेत आहेत, अंगात गुण आहेत, आणि त्यांच्या विचित्र सवयी हेच त्या गुणांचे पहिले लक्षण आहे. पण निकाल आणि प्रवेश यांच्या मधल्या थोड्या आठवड्यांत कागद नसतो, भाड्याचे पैसे नसतात आणि घरात कोणी बोलत नाही. गुणपत्रिका पेटीत राहते.

कागदांविषयी आम्ही कारकून या नात्याने दोन शब्द सांगतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने १९९० साली दिला. आज या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे आणि अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. एकदा भरला म्हणजे झाले असे नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. म्हणून शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेत नाव एकच हवे. एका ठिकाणी "राव" लागला आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून अर्ज अडकलेले आम्ही पाहिले आहेत.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. नवा दाखला एप्रिलमध्येच काढावा. तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा अहवाल आणि तहसीलची सही यांत दिवस जातात, आणि जूनमध्ये रांग लागते. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरचा उतारा फार मोलाचा. तिथे जुनी जात लिहिलेली असते आणि नातवाच्या दाखल्यावर बौद्ध असते, म्हणून मधल्या पिढीचा दुवाही कागदावर दाखवावा लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करावा. घरात एक फाईल करा. त्यात सगळे मूळ कागद आणि प्रत्येकाच्या चार झेरॉक्स ठेवा. ती फाईल धान्याच्या कोठीइतकी जपा.

राहण्याचा प्रश्न घ्या. शहरात समाजकल्याण विभागाची मुलामुलींची शासकीय वसतिगृहे आहेत. राहणे, जेवणे विनामूल्य. तिथे जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला तिच्यातून भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. लहान ठिकाणी रक्कम कमी आहे. गुणांची आणि उत्पन्नाची अट आहे. पैसे उशिरा येतात ही तक्रार खरी आहे, तेव्हा पहिल्या काही महिन्यांची सोय आधी करून ठेवावी लागते. इथे गाव उभे राहू शकते. जयंतीच्या वर्गणीतून शिल्लक राहिलेली रक्कम दोन मुलांच्या पहिल्या दोन महिन्यांच्या खोलीभाड्याला उसनी दिली, तर ती मिरवणुकीपेक्षा लांब जाईल. आम्ही मिरवणुकीच्या विरोधात नाही. आम्हीही नाचलो आहोत.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपल्याला माहीत आहे. सत्कार म्हणजे त्या काळचा निरोप समारंभच. पण केळुसकर सत्कार करून घरी गेले नाहीत. पुढे सुभेदार रामजींना कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाणेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीने घडले. बुद्धी बाबासाहेबांची आणि कष्ट त्यांचेच. पण रामजींसारखा बाप घरात होता आणि केळुसकरांसारखा माणूस दारात होता. आपल्या गावात केळुसकर कोण होणार?

नोकरी करणारे आपले बांधव साकोलीत, भंडाऱ्यात, नागपुरात पुष्कळ आहेत. प्रत्येकाने बारावीचे एक पोर धरावे. त्याचा अर्ज स्वतः वाचावा, पहिल्या दिवशी कॉलेजच्या खिडकीपर्यंत त्याच्यासोबत जावे. याला पैसा लागत नाही, अर्धी रजा लागते.

आणि आईबापांना एवढीच विनंती. निकाल लागायच्या आधी एका संध्याकाळी कामावरून आल्यावर हातपाय धुऊन पोरीजवळ, पोराजवळ बसा. टी.व्ही. बंद करा. विचारा, "बाई, तुझ्या मनात काय आहे?" पहिले उत्तर "काही नाही" असेच येईल. उठू नका. दुसऱ्यांदा विचारा. त्या गप्प पोराच्या बापाला आम्ही हेच सांगून आलो आहोत. कंपनीत जाणे वाईट नाही, घर चालवणे मोठेच काम आहे. पण जायचे तर त्याने आणि तुम्ही मिळून ठरवून जावे, आणि मुक्त विद्यापीठाचा अर्ज खिशात घेऊन जावे.

निकालानंतर गुणांच्या आकड्यांसोबत प्रवेश कुठे घेतला, तेही आम्हाला अवश्य कळवा. आम्ही वाट पाहतो. जयभीम.