जुनी साडी आणि सोडलेलं वावर

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या वर्ध्याच्या कार्यालयात कपड्यांची गाठोडी येऊन पडली. आम्हीच आवाहन केलं होतं, 'वापरात नसलेल्या वस्तू द्या'. गाठोडी सोडायला बचत गटातल्या चौघीजणी आल्या होत्या. हुक तुटलेले ब्लाऊज, फॉल लोंबणाऱ्या साड्या, चेन गेलेली दप्तरं, एका पायाची चप्पल. एका गाठोड्यात तर वापरून झालेला, कडक झालेला टॉवेल. चौघींपैकी सगळ्यात वडील असलेल्या मावशींनी तो दोन बोटांत उचलला आणि मला विचारलं, "ताई, हे आमाले नेसाले धाडलं का फेकाले धाडलं?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते हसू मला फार वेळ टिकवता आलं नाही, कारण आवाहनाचा मजकूर मी लिहिला होता आणि त्यात 'आपल्या गरीब मैत्रिणींसाठी' असे शब्द होते.

त्याच आठवड्यात त्या चौघींमधल्याच एकीबरोबर मी रजिस्ट्री ऑफिसात गेले. तिच्या वडिलांचं स्वतः घेतलेलं पाच एकर वावर. वारस चारजण: आई, दोन भाऊ आणि ही. म्हणजे हिच्या वाट्याला सव्वा एकर. हिचा नवरा दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करतो, ही निंदणाला आणि कापूस वेचायला जाते. स्वतःच्या नावावर सव्वा एकर येणं म्हणजे तिच्यासाठी काय होतं, ते सांगायला नको. तिनं हक्कसोड पत्रावर अंगठा नाही, चांगली वळणदार सही केली. आईनंही केली. बाहेर आल्यावर भावानं दोघींना चहा पाजला आणि पिशवीतून साडी काढून दिली. नवी होती, एवढं म्हणायला हवं.

वाटेत मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "भावाले नाही कसं म्हनू? सही नाही केली त माहेरचा रस्ता बंद."

मैत्रिणींनो, ही दोन देणी मी शेजारी शेजारी ठेवते आहे. एकानं आपल्याला नको असलेलं दिलं. त्याचा फोटो निघाला, फलकावर नाव लागलं, 'दातृत्व' हा शब्द वापरला गेला. दुसरीनं आपल्याला हवं असलेलं, पोट ज्यावर चाललं असतं ते दिलं, आणि तिला दाती कुणी म्हटलं नाही. कागदावरही ती 'सोडणारी' आहे. तिनं दिलं नाही, तिनं सोडलं. भाषा किती नेमकी असते बघा.

आपला जिल्हा दानाचा जिल्हा आहे असं आपण अभिमानानं सांगतो. सेवाग्राम इथं आहे, पवनार इथं आहे. धाम नदीच्या काठावरच्या त्या आश्रमातल्या विनोबांनी 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत जमीन मागितली, शंभर एकर मिळाली आणि भूदान सुरू झालं. पुढे तेरा-चौदा वर्षं हा माणूस पायी देशभर फिरला, चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीची दानपत्रं मिळाली. या कामाबद्दल मला आदर आहे आणि तो मी मोडीत काढायला बसलेली नाही. पण विनोबा जमीन मागायचे कशी? चार मुलगे असतील तर मला पाचवा समजा आणि माझा वाटा द्या, असं ते म्हणायचे. युक्तिवाद बिनतोड होता, कारण मुलाला वाटा द्यायचा असतो हे प्रत्येक जमीनदाराला पटलेलंच होतं. आता त्याच दारात कुणी उभं राहून म्हटलं असतं की मला तुमची मुलगी समजा, तर? तिला साडीचोळी देऊन, ओटी भरून बोळवलं असतं. घरात खऱ्याखुऱ्या मुली होत्याच की. त्यांच्या वाट्याचा उच्चार त्या अंगणात झाला नाही.

योगायोग असा की त्याच 1951 सालच्या सप्टेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कारणं अनेक होती, पण हिंदू कोड बिल अडवून धरलं गेलं हे त्यातलं मोठं कारण, आणि त्या बिलात मुलीला वारसाहक्क देण्याची तरतूद होती. म्हणजे पाहा, ज्या वर्षी मानलेल्या मुलासाठी हजारो एकर जमीन प्रेमानं सुटत होती, त्याच वर्षी पोटच्या मुलीला कायद्यानं वाटा देण्याची गोष्ट देशाच्या संसदेला पेलत नव्हती. दान चालत होतं, हक्क चालत नव्हता. दानात देणारा मोठा होतो, हक्कात तो फक्त बरोबरीचा उरतो, आणि अडचण नेमकी तिथे आहे.

भूदानात मिळालेल्या जमिनीचं पुढे काय झालं हेही आपल्याला ठाऊक आहे. लहान शेतकऱ्यांनी आपल्या तुटपुंज्यातला तुकडा दिला, हे खरं. पण मोठ्यांनी दिलेल्यापैकी बरीच जमीन खडकाळ, पडीक, नदीपात्रातली किंवा कोर्टकज्ज्यात अडकलेली निघाली. पुष्कळ जमीन वाटलीच गेली नाही. म्हणजे आमच्या कार्यालयातला तो कडक झालेला टॉवेलच, फक्त एकरांत मोजलेला. आणि जी वाटली गेली ती बहुतेक कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे पुरुषाच्या नावानं. भूमिहीन बाई भूदानानंतरही भूमिहीनच राहिली. बिहारमध्ये बोधगयेच्या मठाच्या जमिनीसाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लढा झाला, तेव्हा बायकांनीच प्रश्न टाकला की लाठ्या आम्हीही खाल्ल्या, मग पट्टा नवऱ्याच्या नावावर का? हट्टानं काही गावांत त्यांनी जमीन स्वतःच्या नावे करून घेतली. आपल्याकडे शेतकरी संघटनेनं 1990 च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' चालवली. नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्यायचा, आणि तो उपकार म्हणून नव्हे, तर तिच्या कष्टांचं ऋण फेडायचं म्हणून. 1992 मध्ये सरकारनं परिपत्रक काढून सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. ऋण हा शब्द मला दानापेक्षा कितीतरी बरा वाटतो. पण हे ऋण फेडायचं की नाही हे ठरवणार ऋणकोच! जगात दुसऱ्या कुठल्या सावकाराच्या नशिबी असा व्यवहार आला असेल?

आता कोणी म्हणेल, जुने कपडे देण्यात काय वाईट आहे? काही वाईट नाही. डिसेंबरात आर्वीकडच्या थंडीत वापरलेलं ब्लँकेटही ऊब देतं. गेल्या दहा वर्षांत गावोगावी 'माणुसकीची भिंत' उभी राहिली, तिथून गरजूंना काही मिळालं असेल तर चांगलंच. माझी तक्रार कपड्यांबद्दल नाही, त्याला दिलेल्या नावाबद्दल आहे. कपाट रिकामं करणं आणि मैत्री करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैत्रिणीला आपण उसवलेला ब्लाऊज देतो का? द्यायची वेळ आलीच तर हुक लावून, धुऊन, 'तुला चालेल का गं' असं विचारून देतो, आणि तिनं 'नको' म्हटलं तर रागावत नाही. शिवाय तिच्याकडून आपणही काही घेतो. घरकाम करणाऱ्या बाईला जुनी साडी देणाऱ्या किती घरांनी तिच्या हातचा चहा घेतला आहे? दिवाळीची जुनी साडी हा बोनस नव्हे, हे सांगायची पाळी 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा होऊनही आपल्यावर येते. साडी मिळाली म्हणून पगारवाढीचा विषय काढायला ती कचरते, आणि साडी देणारीला हे पुरतं माहीत असतं.

संक्रांतीचं वाण घ्या. आपण 'वाण लुटतो' म्हणतो! प्लास्टिकचे डबे, चमचे, गाळण्या, कुणालाच नको असलेल्या वस्तू पंधरा दिवस या घरातून त्या घरात फिरतात. पण फिरतात कुणाच्या घरी? नवरा जिवंत असलेल्यांच्या. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं, तिथे हळदीकुंकवाच्या यादीतून कुणाची नावं गळतात हे मला या वाचकांना सांगायला नको. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनं परिपत्रक काढलं. आमच्या दोन गावांत त्यानंतर सगळ्यांना कुंकू लागलं, चांगलं झालं. पण कुंकू लावून घेतलेल्या त्या बायांच्या सातबाराचं काय? महिला किसान अधिकार मंचानं 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या 505 स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे 40 टक्के स्त्रियांना कसत असलेल्या शेताचा हक्क मिळालेला नव्हता. कुंकवाचा करंडा पुढे करायला सासरची माणसं तयार होतात; फेरफाराचा विषय निघाला की दीर उठून बाहेर जातो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण गटांत अजूनही 'मुलीला 2005 नंतरच हक्क आला' असं बोललं जातं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा 1956 च्या वारसा कायद्यापासूनच आहे, आणि तो कायदा बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना, पण त्या वेळी लग्न न झालेल्याच मुलींना, जन्मानं हक्क दिला. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्यांना दिला, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. आणि हे सगळं परत करायला किती लागतं? कुटुंबातल्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क काही शे रुपये. एकदा नोंदणी झाली की फसवणूक किंवा जबरदस्ती दिवाणी कोर्टात सिद्ध केल्याशिवाय ती सही पुसता येत नाही. सोडायचंच असेल तर भावाच्या नावे न सोडता आईच्या नावे सोडता येतं, एवढंसुद्धा बायांना कुणी सांगत नाही. मी रजिस्ट्रीत सही करताना पाहिलेल्या बऱ्याच आया त्या दिवसापासून मुलाच्या मर्जीवर जेवतात.

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा सगळा लेख दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा होईल. मीही सही केली आहे. एम.एस.डब्ल्यू. झालेली, वारसा कायद्यावर पेपर लिहिलेली, नोकरीला लागून तीन वर्षं झालेली मुलगी होते. वडील गेल्यावर वर्षभरात आई म्हणाली, 'तुला काय कमी आहे?' खरंच काही कमी नव्हतं. म्हणून मी ती जमीन 'मला नको असलेली वस्तू' या सदरात टाकली आणि भावाला दिली. मन मोठं झाल्यासारखं वाटलं. तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही, की भावालाही नोकरी होती, मग त्याला काय कमी होतं? आणि माझ्या सहीचं उदाहरण देऊन गावात माझ्या दोन चुलत बहिणींच्या सह्या घेतल्या गेल्या. 'ती एवढी शिकलेली, तिनं केली, तुम्ही कोण?' त्यांना मात्र कमी होतं. एकीचा नवरा पुढे आजारी पडला. माझं औदार्य तिच्या सव्वा एकराला भोवलं, हे मला फार उशिरा कळलं.

विनोबांनी आपल्या आईची एक आठवण सांगितली आहे. गागोद्याच्या घरी अंगणात फणस होता. फणस पिकला की आई आधी द्रोण भरून मुलांच्या हाती शेजाऱ्यांकडे पाठवायची, आणि मगच घरच्यांना मिळायचं. ही गोष्ट मला भूदानाच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. त्या बाईनं उरलेलं दिलं नाही, पहिलं दिलं. तिचं नाव त्या अंगणाच्या उताऱ्यावर असेल का, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

देवळी तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या बाईनं तीन वर्षांपूर्वी सही नाकारली. भाऊबीज बंद झाली. वाटणीचं दीड एकर ताब्यात आलं तेव्हा भावानं गावात सांगून ठेवलं की तिच्या वावरात कुणी मजुरीला जायचं नाही. जूनमध्ये पाऊस पडला आणि ती कपाशीचं बी घेऊन एकटी उभी. तेव्हा गटातल्या सातजणी आपली त्या दिवसाची मजुरी बुडवून टोबणीला गेल्या. त्यांच्याकडे त्या दिवशी जास्तीचं असं काही नव्हतं. पुढे डवरणी, निंदण, वेचणी सगळं आळीपाळीनं झालं. तीही त्यांच्या कामाला गेली, हिशेब कुणी मांडला नाही, पण प्रत्येकीला तो तोंडपाठ होता. मला मैत्री हा शब्द वापरायचा झाला तर मी तो इथे वापरीन. गाठोड्यासाठी आता वापरत नाही. यंदाच्या आवाहनात आम्ही फक्त 'कपडे धुऊन, शिवून द्यावेत' एवढंच लिहिलं. गाठोडी निम्म्यावर आली.

आणि आमच्या गटांनी एक ठरवलं आहे: रजिस्ट्रीला कुणी एकटी जाणार नाही. तारीख कळली की दोघीजणी तिच्या घरी जातील, वाटा किती एकर येतो ते कागदावर मांडून दाखवतील, आणि पंधरा दिवस थांब म्हणतील. त्यानंतरही तिला सही करायची असेल तर तिच्याबरोबर जातील. आपल्याच काही कार्यकर्त्या मैत्रिणींचं म्हणणं आहे की अशानं आपण घरं फोडतो. मला त्यांना विचारायचं आहे की जे घर बहिणीनं वाटा मागितल्याबरोबर फुटतं, ते इतके दिवस कशावर उभं होतं?

गेल्या दोन महिन्यांत पाचजणींच्या तारखा होत्या. तिघींनी पुढे ढकलल्या. एकीनं मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून अर्धा वाटा ठेवून अर्धा सोडला. पाचवीनं सगळा सोडला. तिच्याबरोबर मी गेले होते. सही झाल्यावर तिचा भाऊ चहाचं विचारायला आला, तर ती म्हणाली, "आता नाही, मले यष्टी पकडाची आहे." साडीची पिशवी बाकावर तशीच राहिली होती. ती मी उचलून आणून दिली, तर तिनं घेतली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयातल्या गाठोड्यात टाकली. घडी मोडलेली नव्हती.