खुर्चीवाचूनचा पुढारी

शेतकरी बांधवांनो, पागी-खारवी बंधूंनो,

निवडणूक जवळ आली की तुमच्या अंगणात येणारा प्रत्येक उमेदवार एकच मंत्र म्हणतो : ‘सरकारात असल्याशिवाय कामे होत नाहीत.’ खाजनाचा बांध फुटला? सरकारात माणूस हवा. धक्का खचला? सरकारात माणूस हवा. पोराला नोकरी हवी? मग तर हवाच हवा! हा मंत्र इतक्या वेळा कानांवर पडला आहे की आता तुम्हीच तो एकमेकांना ऐकवू लागला आहात. आणि त्याच्याच जोरावर, ज्याच्या विरोधात तुम्ही मत दिले त्याच्याच पंगतीला तुमचा आमदार पाट मांडून बसतो.

हिशेब चौथीच्या पोरालाही सुटेल असा आहे. जुलै २०१९ मध्ये गोव्यात काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी १० जण भाजपात गेले. जानेवारी २०२२ मध्ये त्याच पक्षाने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. त्यांतले ११ निवडून आले. सप्टेंबर उजाडला आणि ११ पैकी ८ गेले! एकट्याने गेला तर आमदारकी जाते, दोन तृतीयांशांची टोळी करून गेला तर वाचते, असा हा पक्षांतरबंदीचा कायदा. कोण कोणत्या पक्षात गेला याच्याशी माझे भांडण नाही. जाणाऱ्या प्रत्येकाने ‘लोकांची कामे व्हावीत म्हणून’ असे सांगितले, भांडण आहे ते त्या वाक्याशी.

त्या वाक्याला उत्तर म्हणून एका दूरच्या माणसाचे आयुष्य तुमच्यापुढे ठेवतो.

यवतमाळ-चंद्रपूरच्या पलीकडे, पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा जुना आदिलाबाद जिल्हा लागतो. २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. सीमेलगतच्या गावांत मराठी अजून घरात बोलली जाते. बल्लारशाहहून काझीपेठकडे जाणाऱ्या रेल्वेवर बेल्लमपल्ली नावाचे गाव आहे. सिंगरेणी कंपनीच्या कोळशाच्या खाणींवर ते वाढले. कोळसा तुम्हाला परका नाही. मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाची काजळी वास्कोच्या घराघरांत बसते. तिथे तर माणसे त्या काळोखात उतरून पोट भरीत.

या कोळसापट्ट्यातल्या कामगार चळवळीतून गुंडा मल्लेश हा पुढारी वर आला. पक्ष भारतीय कम्युनिस्ट. १९८३ साली आंध्रात एन. टी. रामाराव यांची अशी लाट आली की भलेभले वाहून गेले. त्या लाटेत मल्लेश आसिफाबादहून विळाकणसाच्या चिन्हावर आमदार झाले. १९८५ ला पुन्हा झाले. १९८९ ला जागा गेली, १९९४ ला परत आली. १९९९ ला पुन्हा गेली. २००९ मध्ये नव्याने झालेल्या बेल्लमपल्ली राखीव मतदारसंघाने त्यांना चौथ्यांदा निवडले, आणि ते विधानसभेत आपल्या पक्षाचे नेते झाले. समोर सत्तेवर काँग्रेस होती.

त्या काळात त्या जिल्ह्याला सर्वांत मोठी गोष्ट कोणती मिळाली? स्वतंत्र तेलंगण. ती कोणा मंत्र्याच्या चिठ्ठीने मिळाली काय? सप्टेंबर २०११ मध्ये सर्वजनांचा संप झाला. सिंगरेणीचे कामगार महिनाभराहून अधिक काळ खाणीत उतरले नाहीत. कोळसा थांबला, विजेला ओढ लागली, तेव्हा राजधानीला ऐकू आले. मल्लेश यांचा पक्ष या मागणीच्या बाजूने उभा होता. २ जून २०१४ रोजी राज्य झाले, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत मल्लेश पडले. नव्या सत्तेच्या मांडवात जागा पुष्कळ होती. त्यांच्या पक्षाचा त्या विधानसभेतला एकुलता एक आमदार २०१६ मध्ये सत्ताधाऱ्यांना जाऊन मिळाला. २०१९ मध्ये तिथेही काँग्रेसच्या १८ पैकी १२ जणांनी तोच रस्ता धरला. मल्लेश २०१८ मध्ये त्याच चिन्हावर उभे राहिले, त्याच चिन्हावर पडले, आणि १३ ऑक्टोबर २०२० रोजी वारले तेव्हाही त्याच पक्षात होते. त्यांच्या पक्षाने निवडणुकीत तेलुगू देसमशी सोयरीक केली, काँग्रेसशीही केली. सोयरीक केली म्हणून कोणी आडनाव बदलत नाही, एवढे ध्यानात घ्या.

आता तुम्ही विचाराल, ‘मास्तर, निष्ठा खरी, पण लोकांच्या पदरात काय पडले?’ प्रश्न रास्त आहे. सिंगरेणीत १९९० च्या सुमारास एक लाखाहून अधिक कामगार होते. २०२३ मध्ये सुमारे ४० हजार उरले. बेल्लमपल्लीच्या भुयारी खाणी बंद पडल्या. उघड्या खाणी आल्या, त्यांना माणसे कमी लागतात आणि जमीन जास्त लागते. हे मल्लेश थोपवू शकले नाहीत. पण मला सांगा, सत्तेतल्या कोणी थोपवले? मंत्री झाले, गेले, पुन्हा झाले, आणि कामगार घटतच राहिले. ज्याच्या हाती खुर्ची होती त्याचा जाब न विचारता, ज्याच्या हाती फक्त आवाज होता त्यालाच अपयशी ठरवायचे, हा कुठला न्याय?

आणि खुद्द खाणकामगारांचा निवाडा ऐका. ७ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणात काँग्रेसचे सरकार आले. वीसच दिवसांनी, २७ डिसेंबरला, सिंगरेणीत संघटनेसाठी गुप्त मतदान झाले. सत्तेतल्या पक्षाची इंटक मैदानात होती. ‘सरकारात माणूस हवा’ हा मंत्र खरा असता, तर कामगारांनी डोळे मिटून तिला मते दिली असती. त्यांनी निवडली आयटक, मल्लेश यांच्या पक्षाच्या बाजूची संघटना. त्या पक्षाचा विधानसभेत तेव्हा एकच आमदार होता, आणि तोही काँग्रेसशी मैत्री करून आलेला! मंत्र्याच्या दारात उभे राहणारा आणि मंत्र्याच्या दारात आपल्यासाठी भांडणारा, यांतला फरक त्या काळोखातल्या माणसांना कळतो. आपण तर उजेडात आहोत.

दूर कशाला जाता? रांपणकारांनो, तुमच्याच किनाऱ्याकडे पाहा. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर काठाला येऊन तुमची मासळी ओरबाडू लागले, तेव्हा ट्रॉलरमालकांची ऊठबस सत्तेत होती, तुमची नव्हती. तुम्ही एकवट केला, मोर्चे काढले, उपोषणे केली. मातान्ही साल्ढाणांसारखा शाळामास्तर तुमच्या पुढे चालला. तेव्हा १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. तो मागून मिळाला नाही, भांडून मिळाला. आज कायदा पुस्तकात आहे आणि तुम्ही विखुरलेले आहात, म्हणून ट्रॉलर पुन्हा काठाला दिसतात.

तेव्हा पुढच्या वेळी अंगणात कोणी तो मंत्र म्हणत आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. मागच्या पराभवानंतर तू कुठे होतास? आमच्या संघटनेच्या कोणत्या बैठकीला आलास? आणि ज्याच्या विरोधात आम्ही तुला पाठवतो, त्याच्याकडे तू गेलास तर आमचे मत परत कोण देणार? तिसऱ्या प्रश्नाला तो हसेल. हसला की समजा, उत्तर मिळाले.

त्याला दारातून परत पाठवा. आणि त्याच संध्याकाळी वाड्यावरच्या कुळांना, काठावरच्या होडीवाल्यांना एकत्र बोलवा. खुर्ची तुमच्या हाती कधी येईल सांगता येत नाही, पण एकवट उद्यापासून करता येतो.