जळजळ थांबली, व्रण भरला का?

जयपूरची राष्ट्रीय आयुर्वेद संस्था १९७६ साली स्थापन झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अभिमत विद्यापीठ म्हणून राष्ट्राला अर्पण करण्यात आली. दर्जा वाढला की अपेक्षाही वाढतात. अशा विद्यापीठाने कोणता प्रश्न हाती घ्यावा? एक जुना प्रश्न उत्तराची वाट पाहत आहे: शंखभस्मासारख्या आम्लशामक औषधाने आतड्यातील व्रण खरोखर भरतो का?

ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा आरंभीचा भाग. तिथल्या व्रणामुळे जेवणानंतर काही वेळाने पोटात दुखते. आयुर्वेदातील परिणामशूलाचे वर्णन याच्याशी बरेच जुळते. शंखभस्म मुख्यतः कॅल्शियमच्या संयुगांचे बनलेले असते. ते आम्लाचे उदासिनीकरण करते, हे शालेय प्रयोगशाळेतही दाखवता येईल. परंतु परीक्षानळीतील आम्ल शमणे आणि रुग्णाचा व्रण भरणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

अमेरिकेत १९७७ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी इथे मार्गदर्शक ठरते. ७४ रुग्णांपैकी काहींना द्रवरूप अँटासिड, तर इतरांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध दिवसातून सात वेळा देण्यात आले. चार आठवड्यांनी एंडोस्कोपी केली, तेव्हा अँटासिड घेणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांचे व्रण भरले होते. निष्क्रिय औषध घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांचे. मात्र वेदना दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या. म्हणजे रुग्णाला बरे वाटते, एवढ्यावरून व्रणाविषयी काहीच सांगता येत नाही. शिवाय औषधाविनाही जवळजवळ निम्मे व्रण आपोआप भरतात. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर त्याचे श्रेय औषधाला जाते.

तिसरा प्रश्न याहून कठीण आहे: व्रण पुन्हा होतो का? हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला. त्यासाठी २००५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. व्हिएन्नातील १९९३ च्या चाचणीत प्रतिजैविके घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांना वर्षभरात व्रण पुन्हा झाला. केवळ आम्लस्राव कमी करणारे औषध घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होते. आम्ल शमवल्याने व्रण भरतो. कारण मात्र तिथेच राहते.

म्हणून आज एखाद्या रुग्णाला फक्त भस्म किंवा फक्त निष्क्रिय पूड देऊन चाचणी करणे नैतिक ठरणार नाही. जीवाणू आढळलेल्या सर्वांना प्रस्थापित उपचार द्यावेत. त्याच्या जोडीला निम्म्यांना भस्म, निम्म्यांना तशीच दिसणारी पूड. कोणाला काय मिळाले, हे एंडोस्कोपी करणाऱ्यालाही ठाऊक नसावे. फरक थोडा असण्याची शक्यता आहे. तो निश्चित दिसण्यासाठी रुग्णसंख्या मोठी लागेल आणि वर्षभर पाठपुरावा करावा लागेल.

सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालय जयपूरमध्येच आहे. दोन संस्थांनी एकत्र येण्यात अंतराची अडचण नाही. निष्कर्ष भस्माच्या बाजूने लागो वा विरुद्ध, तो छापला गेला पाहिजे. परंपरेचा मान राखण्याचा हाच प्रामाणिक मार्ग आहे. आणि जळजळ थांबली म्हणून उपचार सोडून देणाऱ्या रुग्णाच्या हिताचाही.