मॉलिन्यूंची चूक आणि शिंगांची दंतकथा

डब्लिनचे वैद्य थॉमस मॉलिन्यू यांनी १६९७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. आयर्लंडच्या जमिनीत वरचेवर सापडणारी अजस्र शिंगे कोणाची, हा त्याचा विषय. ती अमेरिकेतल्या मूस हरणाची आहेत आणि हा प्राणी एके काळी आयर्लंडात मुबलक होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकला. तेव्हापासून मॉलिन्यू हे श्रद्धेपायी डोळे मिटलेल्या माणसाचे उदाहरण म्हणून पुढे केले जातात. हा आरोप मला मान्य नाही.

आरोपाचा आधार खरा आहे, तो आधी मान्य करतो. ईश्वर आपल्या सृष्टीतली एकही जात समूळ नष्ट होऊ देणार नाही, असे मॉलिन्यू ठामपणे मानत. त्यामुळे हा प्राणी पृथ्वीवर कुठे ना कुठे जिवंत असणारच, हे शिंगे हाती घेण्याआधीच ठरले होते. शिवाय मूस त्यांनी स्वतः पाहिला नव्हता, प्रवाशांच्या वर्णनांवर भिस्त ठेवली होती. इथे त्यांचा पाय घसरला.

पण निबंधात एवढेच नाही. मीथ परगण्यातल्या डार्डिसटाउन इथे एका बागेत चर खणताना एकरभर जागेत या प्राण्याची तीन डोकी सापडली होती. मॉलिन्यूंनी थर नोंदवले : वर साधी माती, तिच्याखाली दोन-तीन फूट पीट (कुजलेल्या वनस्पतींचा थर), आणि त्याखाली पांढरी चुनखडीची माती, शिंगे होती ती या पांढऱ्या मातीत. एका शिंगाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर भरले १० फूट १० इंच. बायबलमधल्या नोहाच्या प्रलयात हे प्राणी बुडाले, हे आयते उत्तर समोर होते. ते या श्रद्धाळू माणसाने नाकारले आणि दूषित हवेतून आलेल्या साथीने कळपच्या कळप मेले असावेत, असे नैसर्गिक कारण मांडले. तेही टिकले नाही. पण मोजमाप, थरांची नोंद, हयात प्राण्याशी तुलना आणि निसर्गातले कारण यांना अंधश्रद्धा म्हणता येत नाही.

मॉलिन्यूंचे विधान तपासता येण्याजोगे होते, ही त्यांची खरी कमाई. मूसची शिंगेही पंजासारखी पसरट असतात, पण आकारात आणि मांडणीत ती वेगळी. हे जसजसे पुढे आले तसतसा मूसचा दावा ढासळला. १७९९ मध्ये जर्मनीत निसर्गशास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी या प्राण्याला वेगळे शास्त्रीय नाव दिले आणि १८१२ मध्ये पॅरिसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी तो कोणत्याच हयात हरणासारखा नसून नामशेष झाला आहे, हे दाखवून दिले. ‘आयरिश एल्क’ (एल्क म्हणजे युरोपात मूसच) हे नाव मात्र चिकटले ते कायमचेच. हा प्राणी युरोपापासून सैबेरियापर्यंत वावरत होता आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार त्याचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक फॅलो हरीण आहे.

खरी टीका व्हायला हवी ती नंतरच्या कथेवर. शिंगे आपोआप वाढतच गेली, त्यांचे ओझे मानेला पेलेना, ती झाडांत अडकली, दलदलीत रुतली आणि जातच संपली, ही कथा उत्क्रांतीच्या नावाने सांगितली गेली आणि आजही सांगितली जाते. ऐकायला ती आधुनिक वाटते, पण तिच्यामागे मॉलिन्यूंइतकेही मोजमाप नव्हते. १९७४ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी ७९ कवट्या आणि शिंगे मोजून काढली. हरणांच्या कुळात शरीर जितके मोठे तितकी शिंगे त्याहून अधिक पटीने मोठी होत जातात, आणि या थोराड हरणाची शिंगे त्याच प्रमाणात बसली. ती निव्वळ ओझे नव्हती, माद्यांसमोर आणि प्रतिस्पर्ध्यांसमोर मिरवण्याचे साधन होती.

तर मग शिंगांचा ऱ्हासाशी संबंधच नव्हता का? होता, पण वजनापायी नव्हे. आपल्या सांबराप्रमाणे या नराचीही शिंगे गळत आणि पुन्हा नव्याने उगवत. सुमारे ४० किलो हाड दर वर्षी तयार करायला भरपूर चारा लागतो. हिमयुगाच्या अखेरीस आयर्लंडात पुन्हा कडाक्याची थंडी परतली आणि चाऱ्याचा हंगाम आखूड झाला, तेव्हा एवढी शिंगे पोसणे कठीण झाले.

डब्लिनजवळच्या बॅलीबेटा दलदलीत या हरणांचे शेकड्याच्या वर अवशेष निघाले. शिंगांच्या भाराने रुतून मरण आले असते, तर तिथे सर्वांत मोठ्या शिंगांचे नर जास्त मिळायला हवे होते. १९८५ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ अँथनी बार्नोस्की यांनी ते अवशेष तपासले, तेव्हा चित्र उलट निघाले. मेलेले बहुतेक नर सरासरीपेक्षा लहान शिंगांचे होते आणि ते हिवाळ्यात, कुपोषणाने मेले होते.