वार्षिकांकाचे पारितोषिक आणि विद्यार्थ्यांची बातमी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लेखनाला पारितोषिके द्यावीत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आपण लिहिलेले कोणा परक्या माणसाने वाचले, तोलले आणि त्याला काही किंमत दिली, ही जाणीव विसाव्या वर्षी फार मोलाची असते. आमचा प्रश्न वेगळा आहे. स्पर्धा गुणवत्तेची मोजणी करते, पण त्याबरोबरच ती गुणवत्तेची व्याख्याही करत असते. ज्याला यंदा बक्षीस मिळते, तेच पुढच्या वर्षी अधिक पिकते. तेव्हा आपल्याकडच्या स्पर्धांनी गेल्या काही दशकांत नेमके काय पिकवले, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या पत्रकारितेची स्पर्धा म्हटले, की प्रथम डोळ्यांपुढे येते ती विद्यापीठांची नियतकालिक स्पर्धा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ती व्यावसायिक आणि बिगरव्यावसायिक अशा गटांत होते. इतरत्र तपशील निराळा असला, तरी साचा फारसा निराळा नाही. महाविद्यालय वर्षभरात एक अंक काढते. त्याचा खर्च विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या शुल्कातून भागतो. संपादक म्हणून बहुधा भाषाविभागातील प्राध्यापक काम पाहतात आणि संपादक मंडळात विद्यार्थी प्रतिनिधींची नावे असतात. आरंभी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, मग प्राचार्यांचे मनोगत, मग मराठी, हिंदी, इंग्रजी हे विभाग आणि शेवटी राष्ट्रीय सेवा योजनेपासून जिमखान्यापर्यंतचे अहवाल. परीक्षक मुखपृष्ठ, मांडणी, मुद्रण, विषयाचे वेगळेपण, साहित्याचा दर्जा पाहतात. उत्कृष्ट कथेला, कवितेला, वैचारिक लेखाला स्वतंत्र पारितोषिके असतात.

या व्यवस्थेत वावगे काही नाही, पण यात पत्रकारिता कोठे आहे? नियतकालिक या शब्दातला ‘काल’ वर्षातून एकदाच येतो. जुलैत घडलेली गोष्ट छापून हाती पडते तेव्हा लिहिणारा पुढच्या वर्गात गेलेला असतो. तृतीय वर्षाचा असेल, तर महाविद्यालयातूनच गेलेला असतो. बातमीचा प्राण तिच्या वेळेत असतो, आणि वेळ हाच घटक या स्पर्धेच्या गुणपत्रिकेत नसतो. त्यामुळे संपादक मंडळे ज्याला वेळेचे बंधन नाही, असे विषय निवडतात. पाणी, पर्यावरण, स्त्रीसक्षमीकरण, एखाद्या थोर पुरुषाची जन्मशताब्दी. पाण्यावरचा विशेषांक निघतो. त्यात जागतिक तापमानवाढ असते, पाणलोट विकास असतो, पाण्यावरच्या कविता असतात. महाविद्यालयाच्या वसतिगृहात पाणी दिवसातून किती वेळ येते, एवढेच त्यात नसते.

एक उदाहरण सांगतो. आमच्या माहितीतल्या एका ग्रामीण महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने एस.टी.विषयी लेख लिहिला होता. प्रात्यक्षिके संपण्याची वेळ आणि तिच्या गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ यांत वीस मिनिटांचे अंतर. गाडी चुकली की मुक्कामाचा प्रश्न. या कारणाने तिच्या गावच्या किती मुलींनी विज्ञान सोडून कला शाखा घेतली, हे तिने घरोघरी जाऊन विचारले होते आणि नावे न देता लिहिले होते. आगारप्रमुखांना ती भेटली होती. त्यांचे म्हणणेही लेखात होते. भाषा ओबडधोबड, शुद्धलेखन यथातथा. परंतु ती बातमी होती. अंकात तो लेख आला नाही. कोणी तो रागाने फेटाळला असेही नाही. ‘स्पर्धेच्या दृष्टीने हा लेख कोणत्या विभागात बसवायचा?’ असा प्रश्न निघाला आणि त्याला उत्तर सापडले नाही. तिच्याच ‘आई’ या कवितेला मात्र जागा मिळाली.

आम्हांला या प्रसंगातली सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते ती ही, की यात खलनायक नाही. सेन्सॉर लागलाच नाही. स्पर्धेच्या रकान्यांनीच ते काम परस्पर केले. बक्षिसाची सवय लागलेल्या संस्थेत नकार द्यावाच लागत नाही. काय लिहायचे नाही, हे विद्यार्थ्याला आधीच कळलेले असते.

याला अलीकडच्या काळात आणखी एक कारण जोडले गेले. १९९४ मध्ये ‘नॅक’ स्थापन झाली आणि पुढे मूल्यांकनाची घडी बसत गेली, तसा प्रत्येक पारितोषिकाचा कागद मोलाचा होऊ लागला. प्रमाणपत्र अहवालाला जोडता येते, एस.टी.ची वेळ बदलली, हे कोणत्या तक्त्यात भरायचे? ज्या अंकाकडे संस्थेची प्रतिमा म्हणून पाहिले जाते, त्या अंकात संस्थेविषयी प्रश्न विचारणारा मजकूर कोण घालील? शिवाय महाविद्यालयांतील विद्यार्थी निवडणुका नव्वदच्या दशकात थांबल्या आणि विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत तक्रार मांडण्याची एक जागा नाहीशी झाली. उरलेली जागा वार्षिकांकाची. तीही सजावटीला गेली.

वास्तविक आपली परंपरा अशी नव्हती. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, तेव्हा बाळशास्त्री जांभेकर विशीच्या उंबरठ्यावर होते. आज ते पदवीच्या वर्गात बसले असते. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थिवर्तुळातून १८४८ मध्ये ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ निघू लागले. टिळक आणि आगरकर यांचा स्नेह डेक्कन महाविद्यालयात जुळला आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला, तेव्हा दोघेही पंचविशीच्या आसपास होते. यांपैकी कोणालाही उत्कृष्ट मांडणीचे ढाल-प्रशस्तिपत्र मिळाले नव्हते. टिळक-आगरकरांना मिळाला तो १८८२ मधला डोंगरीचा तुरुंग. विद्यार्थ्यांनी तुरुंगात जावे, असे अर्थातच आम्ही म्हणत नाही. पण मराठी पत्रकारितेचा उगम तरुणांच्या प्रश्न विचारण्यात आहे, मुखपृष्ठाच्या चकाकीत नाही, एवढे तरी पत्रकार दिनाच्या भाषणात आपण विसरू नये.

विद्यार्थ्यांच्या पत्रकारितेला गांभीर्याने पारितोषिके देण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे, म्हणून तिकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. तेथील ‘पेसमेकर’ सन्मान १९२७ पासूनचा. हर्स्ट प्रतिष्ठानच्या स्पर्धा १९६० पासून चालतात. त्यांना कौतुकाने महाविद्यालयीन पत्रकारितेचे पुलित्झर म्हणतात. या स्पर्धांत आधी प्रसिद्ध झालेले काम पाठवायचे असते, म्हणजे लेखन वाचकांपुढे येऊन गेलेले असते. अंतिम फेरीत स्पर्धकांना तेथल्या तेथे विषय देऊन वार्तांकन करायला लावतात. माणसे शोधा, बोला, लिहा, वेळेत द्या. घरून पाठ करून आणलेला निबंध तेथे चालत नाही.

या वातावरणातून काय निघू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘स्टॅनफर्ड डेली’. विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लव्हीन यांच्या नावावरील शोधनिबंधांतील प्रतिमांविषयीचे आक्षेप प्रथम वर्षात शिकणाऱ्या थिओ बेकर या विद्यार्थ्याने २०२२ च्या अखेरीस तपासून मांडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला जॉर्ज पोल्क पुरस्कार जाहीर झाला. हा विद्यार्थ्यांसाठी राखीव पुरस्कार नव्हे. व्यावसायिक पत्रकारांच्या रांगेतला आहे. नेमलेल्या समितीला अध्यक्षांनी स्वतः गैरप्रकार केल्याचे आढळले नाही, परंतु चुका वेळेत दुरुस्त न केल्याचे आढळले. जुलैमध्ये त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पुरस्कार राजीनाम्यापूर्वी मिळाला, म्हणजे तो परिणामाला नसून तपासाच्या कामाला होता. आणि ‘स्टॅनफर्ड डेली’ १९७३ पासून विद्यापीठापासून स्वतंत्र आहे.

ही दुसरी गोष्ट विसरली, तर अमेरिकेचे उदाहरण फसवे ठरेल. इंडियाना विद्यापीठाचे ‘इंडियाना डेली स्टुडंट’ हे पत्र पेसमेकरसारखे सन्मान अनेकदा मिळवलेले. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये विद्यापीठाने विद्यार्थी माध्यमांच्या संचालकांना पदावरून दूर केले आणि छापील अंक थांबवण्याचा आदेश दिला. भिंतीवरची सन्मानचिन्हे त्या वेळी उपयोगी पडली नाहीत. उपयोगी पडले ते बाहेरून आलेले टीकेचे दडपण. आणि पर्ड्यू विद्यापीठातील ‘एक्स्पोनंट’ या स्वतंत्र विद्यार्थी पत्राने पाठिंब्याचा खास अंक छापून तो ब्लूमिंग्टनला नेऊन वाटला, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. एरवी क्रीडांगणावर एकमेकांचे हाडवैरी असलेल्या विद्यापीठांतली ही मुले! महिना संपण्यापूर्वी छपाईबाबतचा निर्णय मागे घ्यावा लागला. पुरस्काराने स्वातंत्र्य मिळत नाही. स्वातंत्र्य असेल, तरच पुरस्काराला अर्थ राहतो.

आमच्या या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही मनापासून महत्त्वाचा मानतो. नियतकालिक स्पर्धा नसत्या, तर कित्येक लहान महाविद्यालयांनी अंक छापलाच नसता. आडगावच्या कितीतरी मुलामुलींचे नाव आयुष्यात पहिल्यांदा, आणि बहुधा शेवटचेच, छापले जाते ते या अंकात. तो अंक घरातल्या पेटीत जपून ठेवलेला असतो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. म्हणूनच स्पर्धा बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ललित लेखनाच्या स्पर्धा ललित लेखनाच्या म्हणून चालू द्या. फक्त तिला पत्रकारिता म्हणू नका, आणि पत्रकारितेसाठी वेगळी चौकट उभारा.

वृत्तपत्रांच्या उपक्रमांनी ही उणीव भरून निघते का? अंशतः. ‘लोकसत्ता’ने ‘ब्लॉग बेंचर्स’ स्पर्धेतून विद्यार्थ्यांना अग्रलेख वाचून त्यावर मत मांडायला लावले. अग्रलेख वाचायला लावणे हीच आजच्या काळात मोठी गोष्ट. ‘महाराष्ट्र टाइम्स’ने महाविद्यालयीन बातमीदारांना पुरवणीत जागा दिली. परंतु पहिल्यात मताला महत्त्व, तर दुसऱ्या प्रकारच्या लेखनात महोत्सवांचा आणि ‘डेज’चा भरणा अधिक. मत आणि महोत्सव या दोहोंच्या मधला जो प्रदेश आहे, जेथे चौकशी करावी लागते, कागद पाहावा लागतो, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, तो ओसच राहतो.

मग करावे काय? आम्हांला सुचलेल्या चार गोष्टी अशा. पहिली, सत्रात निदान दोनदा निघणाऱ्या चार पानी पत्राची स्पर्धा ठेवावी. छपाई परवडत नसेल, तर हस्तलिखित भित्तिपत्रकही चालावे. गुळगुळीत कागदाला गुण नसावेत. दुसरी, अंकाबरोबरच सुट्या बातमीला पारितोषिक असावे आणि तिचे निकष बातमीचे असावेत. किती जणांशी बोलणे झाले, कोणता कागद पाहिला, ज्याच्यावर आक्षेप आहे त्याला बोलण्याची संधी दिली का? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांच्या शुल्कात अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती कोठे अडली हे विचारता येते. असा अर्ज करून लिहिलेली साधी बातमी आम्हांला शंभर पानी विशेषांकापेक्षा मोठी वाटते. तिसरी, परीक्षकांत आमच्यासारख्या भाषाशिक्षकांबरोबर तालुक्याच्या ठिकाणी काम करणारा एखादा वार्ताहर असावा. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही पाहू. बातमी तो पाहील.

चौथी सूचना काहींना खटकेल. या स्पर्धेत एक विभाग ‘न छापलेल्या मजकुरा’चा असावा. महाविद्यालयाने ज्याला जागा दिली नाही, तो मजकूर विद्यार्थ्याला थेट परीक्षकांकडे पाठवता यावा. त्यातला बराचसा भाग कच्चा, एकांगी, कधी आततायी निघेल. तो बाजूला ठेवता येईल. पण त्यात एस.टी.च्या वेळेवरचा लेखही निघेल. आणि असा विभाग अस्तित्वात आहे, हे ठाऊक असले, तर पुष्कळ मजकुराला मूळ अंकातच जागा मिळू लागेल.

पदवीच्या अभ्यासक्रमांत आपण ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ शिकवतो. कोण, काय, कधी, कोठे, का आणि कसे, हे सहा प्रश्न फळ्यावर लिहून देतो, परीक्षेत त्यांवर टीपही विचारतो. ते प्रश्न विद्यार्थ्याने वर्गाबाहेर जाऊन प्रत्यक्ष कोणाला तरी विचारले, तर त्याचे आपण काय करतो, यावर आपल्या स्पर्धांची खरी परीक्षा आहे.